सोन्याची तार, बेगमांचा कारभार

भोपाळची ओळख तिथले जुने लोक चार शब्दांत करून देतात: जर्दा, गर्दा, पर्दा आणि नामर्दा. तंबाखू समजला, धूळ समजली, बुरखाही समजला. चौथ्या शब्दाचा खुलासा मात्र नाक्यावरचा प्रत्येक 'को खां' म्हणणारा भोपाळी आपापल्या परीने करतो, त्या भानगडीत आपण नको पडायला. पहिला आणि तिसरा शब्द तेवढा लक्षात ठेवा. जर्दा-सुपारी ठेवायला बटवा लागला आणि पर्द्याआडच्या हातांना काम लागलं. या शहराची जरदोजी, म्हणजे जरीचं भरतकाम, या दोन गरजांच्या मधोमध वाढली.

जरदोजीबद्दल पहिली गंमत ही, की जरीचा जाड दोरा बहुतेक वेळा कापडातून आरपार जातच नाही. तो कापडावर नुसता आडवा ठेवायचा आणि खालून बारीक साध्या दोऱ्याने जागोजागी टाचायचा. एवढी महागाची वस्तू कापडाच्या उलट्या बाजूला, कुणाला न दिसणाऱ्या ठिकाणी कोण वाया घालवेल? शिवाय धातूची तार वारंवार कापडातून ओढली तर कापडही फाटणार आणि तारही सोलवटणार. म्हणजे काटकसर आणि शहाणपण दोन्ही एकाच टाक्यात.

सलम्याची तऱ्हा आणखी वेगळी. सलमा म्हणजे बॉलपेनमधल्या स्प्रिंगसारखी, पण कितीतरी बारीक गुंडाळलेली तार. कारागीर कात्रीने तिचे इवलेसे तुकडे करतो, सुईच्या टोकावर एकेक उचलतो आणि मणी ओवावा तसा ओवून बसवतो. सितारे म्हणजे आपल्या टिकल्या. कोरा, नक्षी, गिजाई अशी तारांची नावं तर दुकानदाराने सांगायला घेतली की थांबतच नाहीत.

हे सगळं होतं अड्ड्यावर. अड्डा म्हणजे लाकडी चौकट. तिच्यावर कापड ढोलासारखं ताणून बांधतात आणि चारही बाजूंनी कारागीर जमिनीवर बसतात. नक्षी कापडावर उतरवायची पद्धत झकास आहे. आधी ट्रेसिंग कागदावर चित्र काढायचं, मग त्याच्या रेषांवर सुईने भोकं पाडत जायचं. हा झाला खाका. तो कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली खडू किंवा निळीची पूड बोळ्याने त्यावर पुसायची. कागद उचलला की ठिपक्यांची वेल कापडावर हजर! एकच खाका पुन्हा पुन्हा चालतो, त्यामुळे जुन्या कारखान्यात खाक्यांची चळत ही खरी तिजोरी.

आणि हो, हल्ली आपल्याकडच्या लग्नात दादरपासून लातूरपर्यंत प्रत्येक नवरीला जो 'आरी वर्क'चा ब्लाऊज हवा असतो, त्यातली आरी याच अड्ड्यावरची. ती टोकाला आकडा असलेली सुई, मोच्यांच्या चामड्याच्या कामातून भरतकामात आलेली. पैठणीवर मिरवणाऱ्या त्या ब्लाऊजचं एक मूळ चांभाराच्या हत्यारपेटीत आहे, हे नवरीच्या आत्याला मात्र मांडवात सांगू नये.

आता बेगमा. १८१२-१३ मध्ये आपल्या शिंदे-भोसल्यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला होता. तो कसा फसला, हे भोपाळी माणूस मराठी पाहुण्याला आजही फार आवडीने सांगतो. ऐकून घ्यावं. पुढे १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली काही वर्षं वगळली तर, भोपाळ संस्थानाचा कारभार ओळीने चार बेगमांनी चालवला: कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतानजहाँ. चौघींचा पेहराव हा चार वेगळ्या लेखांचा ऐवज आहे.

सिकंदर बेगम पर्दा पाळत नसत. १८६७ मध्ये लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी भोपाळला आला, तेव्हा त्याला बेगम दिसल्या त्या तंग पायजमा, भरतकाम केलेली जाकीट आणि कमरेला खंजीर अशा थाटात. त्याआधी, १८६१ मध्ये, इंग्रजांनी त्यांना 'स्टार ऑफ इंडिया' हा मानाचा किताब दिला होता. तेव्हा राणी व्हिक्टोरिया सोडली तर त्या मानकऱ्यांत दुसरी बाई नव्हती. त्या किताबाबरोबर फिक्या निळ्या सॅटिनचा झगा मिळायचा. खंजिरावर तो कसा दिसत असेल, ही कल्पना ज्याने त्याने करावी.

त्यांची मुलगी शाहजहाँ बेगम लिहिणारी. १८८९ च्या सुमारास तिचं 'तहजीब उन-निस्वाँ' हे जाडजूड पुस्तक आलं. कपडेलत्त्यापासून आजारपणापर्यंत बाईच्या संसारातलं जवळपास सगळं त्यात आहे. राज्य चालवणाऱ्या बाईला कपड्यांवर लिहिणं कमीपणाचं वाटलं नाही, हे मला त्या पुस्तकातलं सगळ्यात आवडलेलं.

आणि नातीची तऱ्हा बघा. आजी खंजीर लावून उघड्या तोंडाने फिरली, तर सुलतानजहाँ बेगम १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाला लंडनला गेल्या त्या बुरख्यात, आणि बुरख्यावर मुकुट! पर्दा का हवा, यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. मग १९२० च्या दशकाच्या शेवटी त्यांनीच जाहीरपणे पर्दा सोडला. आपल्या हयातीत त्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या, भोपाळात बायकांसाठी क्लब काढला, निराधार बायकांना हातकाम शिकवणारी शाळा काढली. पर्द्यातल्या बाईनेही चार पैसे मिळवावेत, हा हिशोब त्यांना पक्का कळत होता.

सुई धरणाऱ्या हाताचा राजकारणाशी संबंध फक्त भोपाळात आला असं नाही. कापडावर दोरा ठेवून वरून टाचण्याची जरदोजीची युक्ती पॅलेस्टाईनमधल्या बेथलेहेमच्या बायकांनाही अवगत. तिथे रेशमी आणि जरीची दोरी झग्याच्या छातीवर अशीच वळवून टाचतात. बाकीच्या गावांत मुख्यतः फुलीचा टाका. तिथल्या भरतकामाला तत्रीज म्हणतात आणि एके काळी बाईच्या झग्यावरून तिचं गाव ओळखता येई. १९८७ मध्ये तिथे इस्रायलविरुद्ध उठाव सुरू झाला. पॅलेस्टिनी झेंडा फडकवायला इस्रायलची बंदी होती, तर बायकांनी झेंड्याचे रंग आणि देशाचा नकाशा झग्यावरच भरला. काठीवरचा झेंडा शिपाई खेचून नेईल, अंगावरच्या झग्याला हात कसा लावेल? २०२१ मध्ये युनेस्कोने या कलेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

भोपाळच्या सुईलाही असा काळ आला. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायुगळती झाली आणि हजारो घरांतला कमावता माणूस गेला किंवा कायमचा आजारी पडला. बायकांना रोजगार म्हणून सरकारने शिवणकेंद्रं उघडली आणि थोड्याच काळात त्यांना टाळं लावायला घेतलं. शिवणयंत्रावरून उठवलेल्या बायका रस्त्यावर आल्या. त्यातून 'भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटन' उभं राहिलं. नावात 'उद्योग' का, हे आता कळलं असेल. अब्दुल जब्बार हे त्यांचे नेते. ते २०१९ मध्ये गेले, २०२० मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. संघटनेच्या स्वाभिमान केंद्रात बायकांना शिवणकाम शिकवलं जाई आणि जरदोजीसुद्धा. दर शनिवारची त्यांची सभा भरायची ती यादगार-ए-शाहजहानी या बागेत. होय, पुस्तक लिहिणाऱ्या त्याच बेगमेच्या नावाची.

बटव्याकडे यायला उशीर झाला, पण भोपाळची खास वस्तू विचाराल तर तोच. मखमल किंवा रेशमाची चुण्यांची पिशवी, दोन्हीकडून ओढायच्या दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला गोंडे, अंगावर जर नाहीतर मणी. आत सुपारी, लवंग, वेलची, जर्दा. आपल्याकडे चंची होती, पण ती बिचारी साधी. भोपाळी बटवा मात्र पाहुण्यासमोर मुद्दाम उघडायचा. जुन्या शहरातल्या चौक बाजारात आता तो मोबाईल मावेल अशा मापाचाही मिळतो.

खानदानी कपड्यांचाही एक किस्सा आहे. भोपाळचे शेवटचे नवाब हमीदुल्ला खान यांची मुलगी साजिदा सुलतान १९३९ मध्ये पतौडीच्या नवाबांशी लग्न करून गेली. तिच्या लग्नातला भरजरी पोशाख पुढे सुनेने, म्हणजे शर्मिला टागोर यांनी, घातला आणि २०१२ मध्ये नातसुनेने, म्हणजे करीना कपूरने. मधल्या काळात कापड थकलं होतं. ते रितू कुमार यांनी नीट करून दिलं. जर शाबूत असली की कापड बदलता येतं. जुन्या जरदोजीत फुलंच्या फुलं कापून नव्या कापडावर बसवायची रीत आहेच.

म्हणून चौकात खरेदीला गेलात तर आधी जर बघा. खऱ्या जरीत चांदी असते आणि चांदी हवेने हळूहळू काळपटते. आज बाजारात बहुतेक माल प्लॅस्टिकच्या चमकत्या तारेचा असतो, तो वर्षानुवर्षं तसाच लखलखत राहतो. तेव्हा जुनी म्हणून दाखवलेली जर फार चकाकत असेल तर भाव निम्म्यावर आणायला हरकत नाही. आणि खरी मिळालीच तर तिच्यावर अत्तर उडवू नका, घडी एकाच जागी ठेवू नका, पैठणीसारखी मलमलीत गुंडाळून ठेवा.