भिन्न मनांचे कामगार, एक बांधकाम

बांधकामासाठी विटा एकाच मापाच्या मिळतात. माणसे तशी मिळत नाहीत. एकाला काम समजावून द्यावे लागते, दुसऱ्याला धीर द्यावा लागतो, तर तिसऱ्याचा अविश्वास दूर करावा लागतो. हे किती कठीण असू शकते आणि तरीही कसे साधते, हे चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या आनंदवनात पाहावयास मिळते.

1951 साली बाबा आमटे व साधनाताई त्या खडकाळ जमिनीवर राहावयास आले. सोबत सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि भांडवल अवघे 14 रुपये. समाजाने टाकलेल्या या माणसांच्या मनात, आपल्या हातून आता काही घडणार नाही, ही समजूत रोगाहून खोल रुजली होती. बाबांनी उपदेश न करता काम दिले आणि स्वतःही कुदळ हाती घेतली. प्रथम विहीर खोदली गेली, मग झोपड्या उभ्या राहिल्या.

कुष्ठरोगाने हात बधिर होतात; जखम झाली तरी वेदना होत नाही. म्हणून अशा कामगाराकडून काम घेणाऱ्यास त्याच्या हातापायांची काळजी स्वतः वाहावी लागते आणि ज्याला जे झेपेल तेच त्याच्याकडे सोपवावे लागते.

दुसरी अडचण बाहेरच्या मनांची होती. आनंदवनात पिकलेली भाजी विकत घेण्यास लोक कचरत. 1954 साली ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे देशोदेशींचे स्वयंसेवक तेथे बांधकामास आले व रुग्णांसमवेत राहिले, ते पाहून परिसरातील भय ओसरू लागले. पुढे याच हातांनी महाविद्यालयाची इमारत उभारली आणि तेथे निरोगी घरांतील मुले शिकू लागली.

1973 साली भामरागडच्या अरण्यात, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्रश्न निराळा होता. माडिया गोंड बांधव अनोळखी माणसापासून दूर राहत. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी त्यांची भाषा शिकून घेतली. विश्वास त्यानंतर आला.

बांधकाम व्यवसायातील आपल्या बांधवांनी हे ध्यानी घ्यावे. हजेरीपटावर सर्वांची नोंद सारखीच होते. परंतु मजूर काम सोडून का जातो, याचे उत्तर त्यात सापडत नाही. ते त्याच्या भाषेत, त्याच्याजवळ बसून विचारावे लागते.