सासरेबुवांची गळकी मोटार

मी मराठीचा प्राध्यापक. मोटारीच्या बॉनेटखाली डोकावण्याचा मला अधिकार तो काय? पण जावयाला अधिकार नसले तरी कर्तव्ये पुष्कळ असतात. गेल्या मे महिन्याची सुट्टी मी पुण्याला सासरेबुवांच्या गॅरेजमध्ये, एका हाती बॅटरी आणि दुसऱ्या हाती फडके धरून काढली.

नानांची मोटार १९६४ सालची एम.जी.बी. इंग्लंडात ॲबिंग्डन गावी १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी. नानांनी ती १९७८ साली एका परदेशी गृहस्थाकडून घेतली. लग्नानंतर सासूबाईंना महाबळेश्वर दाखवले ते याच गाडीतून. सासूबाई आता नाहीत. गाडी आहे, पण ती गळते. रोज सकाळी फरशीवर दोन थारोळी दिसत. पुढच्या बाजूला हिरवट पाणी आणि इंजिनाच्या मागच्या टोकाखाली काळे तेल.

मेकॅनिकने निकाल दिला, "हेडचं पॅकिंग गेलंय, मागचं ऑइल सीलही गेलंय. इंजिन उतरवायला लागंल." खर्चाचा आकडा ऐकून मेहुण्याने बंगळूरहून फोनवर सांगितले, "बाबा, विकून टाका आता." नाना त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीचे जुने इंग्रजी पुस्तक माझ्यासमोर ठेवले. "जावईबापू, तुम्ही जुन्या पोथ्या लावता म्हणे. ही लावा."

हेडच्या पॅकिंगचा पुरावा काय, तर तेल ओतायच्या झाकणाखाली साचलेला दुधी, सायीसारखा थर. तेलात पाणी शिरले की असा थर येतो, हे खरे. पण नानांची गाडी महिन्यातून दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येई. एवढ्याशा फेरीत इंजिन पुरते तापत नाही. आतली वाफ थंड झाकणाला लागते आणि तेलाशी घुसळली जाते. दांडीवरचे तेल तर स्वच्छ होते. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढले, मग ते सुरू केले. पाण्यात बुडबुडे नाहीत. (गरम इंजिनाचे झाकण मात्र कोणी उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते.) चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजवून घेतले, तेही जवळपास सारखे निघाले. म्हणजे हेड उघडण्याची घाई नको.

तेलाचा शोध अधिक कठीण. थेंब पडतो तिथेच गळती असते असे नव्हे. गाडी चालू असताना पंख्याचा आणि रस्त्याचा वारा तेलाला मागे ढकलत नेतो. म्हणून आम्ही रॉकेल आणि ब्रश घेऊन सगळे इंजिन धुतले, वाळवले आणि सौ.च्या फेस पावडरीचा अर्धा डबा त्यावर शिंपडला. (त्याबद्दल काय ऐकावे लागले, ते येथे लिहीत नाही.) दहा मिनिटे गाडी फिरवून आणली. पांढऱ्या पावडरीवरून एक काळा ओघळ इंजिनाच्या डाव्या कुशीतून, मॅनिफोल्डच्या खालून निघून मागे गेला होता.

आता खरी गंमत. नानांनी पुस्तक वाचून मेकॅनिकला तीन वेळा सांगितले होते, "टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदला." त्याने तीनही वेळा इमानाने बदलले होते. पण आपल्याकडच्या गॅरेजांत टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचे झाकण. त्याला इंग्रजी पुस्तकात रॉकर कव्हर म्हणतात. पुस्तकातली टॅपेट कव्हरे ही कुशीतली दोन पत्र्याची झाकणे. एका शब्दाच्या दोन अर्थांपायी दोन वर्षे तेल गळत होते! शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे आधी सुचायला हवे होते.

तिथे हात पोचवायला कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड उतरवावे लागले. दोन्ही झाकणे मधल्या एकेका बोल्टावर बसतात. गळते म्हणून कोणीतरी तो बोल्ट करकचून आवळला होता आणि पत्रा वाकला होता. जितके आवळावे तितकी फट वाढे! कड सपाट फळीवर हलक्या हाताने ठोकून सरळ केली, नवे बुचाचे पॅकिंग घातले.

पण मुळात तेलाला एवढा जोर कुठला? पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमी खाली झिरपतो. तो बाहेर जायला या इंजिनात पुढच्या झाकणावर तारेच्या जाळीची एक डबी असते. आमची जाळी काजळलेल्या तेलाने गच्च बुजली होती. कोंडलेला वायू मिळेल त्या सांधीतून तेल घेऊन बाहेर पडत होता. जाळी रॉकेलात धुऊन मोकळी केली.

आणि ते मागचे ऑइल सील? पुस्तकात शोधू लागलो, तर या सालच्या, तीन बेअरिंगांच्या इंजिनात तिथे सीलच नाही! क्रँकशाफ्टवर उलट्या आट्यांची खाच कोरलेली असते; ती फिरताना तेल आत लोटते, बस्स. रबरी सील १९६४ च्या अखेरीस आलेल्या पाच बेअरिंगांच्या इंजिनापासून आले. शिवाय क्लचच्या घराच्या तळाला एक भोक ठेवून त्यात स्प्लिट पिन लोंबती सोडलेली आहे. ती हादऱ्याने हलत राहते आणि भोक बुजू देत नाही. थोडे तेल येणारच, हे साहेबाने आधीच कबूल केले होते म्हणायचे.

पाण्याचे काम सोपे. वॉटर पंपाच्या पोटाला एक छिद्र असते; आतले सील गेले की तिथून पाणी ठिबकते. नवा पंप इंग्लंडहून मागवला. या गाड्यांचा अख्खा सांगाडाही १९८८ पासून तिथे नवा करून विकतात, तिथे पंपाची काय कथा! जुने पाणी सोडले तर ते पिवळेजर्द. गळती थांबावी म्हणून कोणीतरी रेडिएटरमध्ये हळद टाकली होती. बारीक चीर ती बुजवतेही, पण बारीक नळ्याही बुजवते. दोन दिवस रेडिएटर धूत होतो. सांडलेले हिरवे पाणी मात्र लगेच पुसून टाकले. त्यातले ग्लायकोल गोड लागते आणि चाटणाऱ्या कुत्र्यामांजरांच्या जिवावर बेतते.

जूनच्या पहिल्या रविवारी नाना मला शेजारी बसवून जुन्या कात्रज घाटात घेऊन गेले. तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून हलला नाही. येताना ते एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर गाडीखाली जेवणाचे एक जुने ताट सरकवून ठेवले.

सकाळी सहाला त्यांनी मला हलवून उठवले. "जावईबापू, सात थेंब!" आणि लगेच बंगळूरला फोन लावला.