मक्याचें मूळ आणि युरियाची पिशवी

मक्याचें पीक आडवें झालें म्हणजे पंचनाम्यांत "वादळवाऱ्यानें नुकसान" इतकें लिहून आम्ही पुढील गटाकडे वळत असूं. महसूल खात्यांतील कारकुनींत असे पंचनामे आमच्या हातून किती लिहिले गेले याची गणती नाहीं. त्या वेळीं एक गोष्ट डोळ्यांस दिसे, पण तिच्यासाठीं कागदावर रकाना नसे. एकाच बांधाच्या एका अंगाचा मका भुईसपाट, आणि दुसऱ्या अंगाचा उभा! वारा कांहीं बांध पाहून वाहत नाहीं. या कोड्याचा उलगडा सेवानिवृत्तीनंतर आमच्याच शेतांत, आमच्याच खर्चानें झाला, तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या खरिपांत नाशिक जिल्ह्यांतील आमच्या दोन एकर काळ्या रानांत आम्हीं मका पेरला. पुढें मजूर मिळेल न मिळेल या विचारानें सारा युरिया उगवणीनंतर लागलाच देऊन मोकळे झालों. पीक असें हिरवेंगार उठलें कीं जाणारे-येणारे थांबून पाहत. मग आठ दिवस झड लागली. तुरा येण्याच्या सुमारास खालचीं पानें टोंकापासून मधल्या शिरेच्या कडेनें पिवळीं पडूं लागलीं, आणि कणसें भरत असतां एका रात्रीच्या वाऱ्यानें निम्में पीक झोपलें. शेजारच्यांचें उभें होतें. आम्ही पानें चाळीत आहों असें पाहून ते वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "भाऊसाहेब, वर काय पाहतां? कुदळ आणा." दोन्ही शेतांतील एकेक ताट खणून पाहिलें. आमच्या मुळांचा गुंता वरच्या वीतभर मातींतच चटईसारखा पसरलेला. त्यांचीं मुळें नांगराच्या तासाखालीं उतरलेलीं.

मक्यास मुळें दोन वेळां फुटतात. दाण्यांतून निघणारीं पहिलीं मुळें रोपास दोन-तीन आठवडे पोसतात. पुढें खोडाच्या जमिनींतील पेऱ्यांवरून एकावर एक वलयें सुटतात, तींच पिकाचीं खरीं मुळें होत. जमिनीवरच्या पेऱ्यांवरून निघणारीं जाड मुळें ताटास टेका देतात. भुसभुशीत, खोल जमिनींत हीं मुळें पांच फुटांपर्यंत जाऊं शकतात. परंतु तीं जातात किती, हें आपण वर काय घालतों त्यावरही ठरतें.

युरियांत शेंकडा ४६ नत्र असतें. जमिनींत पडल्यावर त्याचें प्रथम अमोनियम होतें. तें चिकणमातीस धरून राहतें. नंतर सूक्ष्मजंतू त्याचें नायट्रेट करितात. तें मातीस चिकटत नाहीं, पाण्याबरोबर खालीं निघून जातें, आणि पाणी साचलें तर वायुरूप होऊन उडतें. २०१५ पासून सक्तीचें झालेलें कडुनिंबाचें लेपन ही क्रिया मंद करितें, थांबवीत नाहीं. आतां मुळाचा स्वभाव पाहा. नायट्रेट एखाद्या जागीं भेटलें कीं मूळ तेथें बारीक फांट्या सोडतें. वरचा थर सर्वत्र नत्रानें भरलेला असेल तर त्यास खोल जाण्याचें कारण उरत नाहीं; पाला वाढतो, मुळें त्या मानानें मागें राहतात. पावसानें नत्र खालीं नेलें कीं वर अन्न नाहीं आणि खालीं मूळ नाहीं, अशी स्थिति होते. याच विचारानें अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे जोनाथन लिंच यांनीं २०१३ सालीं मक्याच्या मुळाचा आदर्श मांडला: सरळ उतरणारें, कमी खर्चांत वाढणारें आणि खोल. झडीच्या साचल्या पाण्यानेंही आमचीं मुळें खुंटलीं असतील. सारा दोष युरियास देणें हा आणखी एक खोटा पंचनामा होईल.

मूळ उतरावें म्हणून नत्र तोडावें, असें मात्र कोणीं समजूं नये. उपाशी रोपाचें मूळही हाडकुळेंच असतें. आपल्याकडील शिफारस हेक्टरीं १२० किलो नत्राची, म्हणजे एकरीं ४८ किलोंची, तीन समान हप्त्यांत आहे: पेरणीस, तिसाव्या दिवशीं व चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनीं. पीक गुडघाभर झाल्यावर त्याची भूक एकदम वाढते, हें त्याचें कारण. पेरणीस ५० किलोंची एक पिशवी डी.ए.पी. दिली तर तींतून ९ किलो नत्र येतें. वर १५ किलो युरिया पुरे. पुढील प्रत्येक हप्त्यास ३५ किलो, म्हणजे ४५ किलोंच्या पिशवीची पाऊण पिशवी. युरिया बियाण्यास भिडवूं नये, अमोनियाच्या वाफेनें कोंब जळतो. तो ओळीपासून चार बोटें दूर, वाफशावर द्यावा आणि कोळप्यानें झांकावा. उघडा पडला तर उडून जातो. पाणी साचून पिवळ्या पडलेल्या मक्यावर तर तो मुळींच फेकूं नये, आधीं चर काढावा.

दुसऱ्या वर्षीं आम्हीं सऱ्या पाडल्या, हप्ते पाळले, आणि दुसऱ्या हप्त्याबरोबर मातीची भर दिली. मजुरीचे दोन फेरे वाढले, हें खरें. वारा त्याही वर्षीं आला. बांधाकडच्या दोन ओळी कलल्या, बाकी पीक उभें राहिलें. आतां प्रत्येक हप्त्यापूर्वीं आम्ही शेताच्या मध्यावरील एक ताट मुळांसकट खणून काढतों, आणि शेजारचे वडीलधारे तें पाहावयास बांधावर येऊन बसतात.