माळरानाचे राखणदार

वाशीम जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जाऊन मिळतो. काटेपूर्णा नदी या जिल्ह्यात उगम पावते आणि उत्तरेकडे अकोल्यात उतरून पूर्णेला मिळते. पुढे पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. दक्षिणेचे पाणी पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी अशी वाट काढत बंगालच्या उपसागरात पोचते. या दोन उतारांच्या मधला माथा हलक्या, मुरमाड जमिनीचा आहे. नदीकाठची काळी जमीन सोयाबीन आणि तूर पिकवते, माथ्यावर मात्र मातीचा थर वीतभरही नसतो. तिथे मोठी झाडे फारशी धरत नाहीत. तिथे गवत येते.

सरकारी कागदांत अशा जमिनीला पडीक म्हणतात, गावात ती ई-क्लास म्हणून ओळखली जाते. गुरे चारायची, मुरूम उचलायचा, एखादे अतिक्रमण करायचे, एवढाच तिचा उपयोग असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ही जमीन शेडा, पवन्या, मारवेल, कुसळी आणि तिखाडी अशा गवतांचे घर आहे. त्या गवतावर जगणारे प्राणी आणि पक्षी दाट जंगलात सोडले तर टिकणार नाहीत. हे ज्यांना उमगले अशी काही माणसे या जिल्ह्यात पगाराशिवाय, कोणी बोलावले नसतानाही माळावर जातात, मोजतात, राखतात आणि मुलांना बरोबर नेऊन दाखवतात. हा लेख त्यांच्या कामाविषयी आहे.

कारंजा शहराजवळचे कारंजा-सोहोळ अभयारण्य २००० साली खास काळविटांसाठी जाहीर झाले. त्याचे क्षेत्र अवघे १८.३२ चौरस किलोमीटर. काळवीट हा भारतीय उपखंडाचा प्राणी. नराची पाठ काळी-तपकिरी आणि पोट पांढरे असते, शिंगे मळसूत्रासारखी पिळदार असतात. मादी फिक्या तपकिरी रंगाची आणि बहुधा बिनशिंगांची. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावू शकणाऱ्या या प्राण्याची सगळी सुरक्षितता लांबवर पाहण्यावर आणि मोकळ्या जागेत पळण्यावर उभी आहे. झाडी दाट झाली की त्याला शत्रू दिसत नाही आणि पळायला वाव राहत नाही. काळविटांच्या माळावर सरसकट झाडे लावणे म्हणजे त्यांचे घर मोडणे आहे, आणि हे मला अगदी ठामपणे म्हणायचे आहे.

हे ऐकून मुले चक्रावतात. पर्यावरणाचे काम म्हणजे झाड लावणे हेच त्यांनी शाळेत ऐकलेले असते. झाड लावणे उत्तमच, पण गावठाणात, बांधावर, रस्त्याच्या कडेला, नदीच्या काठी. माळावर जायचे ते गवत ओळखायला. कोणते गवत गुरे आवडीने खातात, कोणते निव्वळ कुसळे देते, कोणत्याचा चुरगळल्यावर वास येतो, हे हातात घेऊन पाहिले की सहावीतल्या मुलालासुद्धा समजते. तिखाडीचे पान चोळून नाकाशी धरलेले मूल ते गवत पुन्हा विसरत नाही.

माळावर शिकवायला पाटी-पुस्तक लागत नाही, जमिनीवरच पुष्कळ काही लिहिलेले असते. काळविटाचा नर आपल्या हद्दीत ठरावीक ठिकाणी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. त्यांचा ढीग म्हणजे शेजारच्या नरासाठी हद्दीची खूण. डोळ्याजवळच्या ग्रंथीतला स्राव काड्यांना आणि खुरट्या झुडपांना घासून तो आणखी खुणा करून ठेवतो. रोही, म्हणजे नीलगायीचा नरही एकाच जागी लेंड्या टाकत राहतो, पण त्याच्या लेंड्या मोठ्या. दोन्ही ढीग शेजारी दाखवले की मुलांना प्राणी न दिसताही प्राण्यांचा नकाशा वाचता येतो. अभयारण्यात गेले आणि हरीण दिसले नाही म्हणून हिरमुसणाऱ्या मुलांवर यापेक्षा चांगला उपाय मला ठाऊक नाही.

असाच एक धडा पाडसांचा आहे. काळविटाची मादी सुमारे सहा महिन्यांच्या गर्भकाळानंतर एका पिलाला जन्म देते. पहिले काही दिवस ते पिलू गवतात निपचित पडून राहते. आई चरायला दूर जाते आणि दूध पाजायला परतते. अशा वेळी शेतकऱ्याला किंवा गुराख्याला ते एकटे दिसते, दया येते आणि तो ते उचलून घरी आणतो. त्या दयेने पिलू आईला मुकते, गाई-म्हशीच्या दुधावर बहुधा जगत नाही, आणि जगले तरी रानात परत जाण्यालायक उरत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणून त्याला घरात ठेवणे गुन्हाही ठरतो. ‘पाडस एकटे दिसले तर हात लावू नका, लांब व्हा, आई येईल’ हे एक वाक्य गावोगावच्या शाळांत पोचवण्याने जितके जीव वाचतात, तितके मोठ्या खर्चाच्या योजनेनेही वाचत नसतील.

आता या माळाच्या सर्वांत जुन्या जाणकारांकडे वळू. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत फासेपारधी समाजाचे बेडे, म्हणजे वस्त्या आहेत. हरिणांच्या वाटेवर फासे मांडून शिकार करणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि पारधी त्यात भरडले गेले. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र समाजाच्या मनातून पुसला गेला नाही. १९७२ नंतर शिकार बंद झाली. ते योग्यच झाले, पण शिकारीवर जगणाऱ्यांना त्या बदल्यात काय मिळाले, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला, त्यात एक विलक्षण गोष्ट पुढे आली. एकाच मुलखात फिरणारे फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले एकमेकांच्या शिकारीत हात घालत नसत. पारध्यांची हरणे आणि पक्षी, फाशांनी धरलेले; वैदूंची लहान मांसाहारी जनावरे, कासवे आणि खेकडे; नंदीवाल्यांची कुत्री लावून धरलेली रानडुकरे आणि घोरपडी. शिवाय फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर ते सोडून द्यायचे, अशी फासेपारध्यांची रीत होती. संवर्धन हा शब्द छापखान्यात येण्याच्या कितीतरी आधी ही शिस्त त्या समाजात नांदत होती.

याच समाजाला बरोबर घेऊन कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘संवेदना’ संस्थेने अकोला-वाशीम भागात गवताळ माळाचे काम उभे केले. त्याचा केंद्रबिंदू तणमोर हा पक्षी. कोंबडीएवढा, अर्ध्या किलोच्या आतबाहेर वजनाचा. पावसाळ्यात नराला काळाभोर पिसारा येतो, डोक्यामागून फितीसारखी वळलेली पिसे निघतात, आणि मग तो गवतातून सरळ वर उडी मारतो. दीड-दोन मीटर उंच उडून पंख फडफडवत पुन्हा तिथेच उतरतो. मादीला आपली जागा कळावी म्हणून तो दिवसात शेकडो उड्या घेतो. पाचशेपर्यंत उड्यांच्या नोंदी आहेत. पाऊस सरला की रंग उतरतो आणि पक्षी गवतात असा विरघळतो, की पायाखाली येईपर्यंत दिसू नये. गवताळ माळ नांगरले गेले, चराईने खरडले गेले, आणि तणमोर झपाट्याने घटला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले. नामशेष होण्याच्या अलीकडची ही शेवटची पायरी.

असा पक्षी शोधायचा तर कोणाला विचारणार? दुर्बीण घेऊन आलेला पाहुणा दिवसभर फिरून रिकाम्या डोळ्यांनी परततो. पारधी माणूस गवताच्या झुकण्यावरून आणि आवाजाच्या दिशेवरून जागा सांगतो. ज्या विद्येने पक्षी फाशात येत होता, त्याच विद्येने तो आता नोंदवहीत येतो. बार्शीटाकळी तालुक्यातल्या वडाळा इथल्या फासेपारध्यांनी गवताची जमीन राखायला घेतली, शिकार थांबवली, गवत वाढू दिले. राखलेले गवत कापून वापरता येते, म्हणून राखण्यात त्यांचा स्वतःचा लाभही आहे. माझ्या मते निसर्गशिक्षणाचा सर्वांत मोठा शिक्षक इथे बेड्यावर बसलेला आहे. शाळांच्या सहलींनी आधी त्याच्याकडे जावे, त्याला मानधन द्यावे आणि गुरुजी म्हणून हाक मारावी.

सामान्य माणसाने मोजलेल्या नोंदींचे मोल जगाला कळून शंभराहून अधिक वर्षे झाली. अमेरिकेत नाताळच्या दिवशी पक्ष्यांची शिकार करण्याच्या पैजा लागत. १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी सुचवले, की मारण्याऐवजी मोजू या. त्या वर्षी २५ ठिकाणी अवघ्या २७ जणांनी पक्षी मोजले. ती गणना अजून दरवर्षी होते आणि पक्ष्यांच्या शतकभराच्या चढउताराचा तो मोठा पुरावा मानला जातो. महाराष्ट्रात पक्षीमित्रांची संमेलने १९८१ पासून भरत आहेत. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन दिवसांमधला आठवडा पक्षी सप्ताह म्हणून राज्यात साजरा होतो. नेमके त्याच सुमारास उत्तरेकडचे पाहुणे वऱ्हाडात उतरू लागतात. वाशीमजवळचा एकबुर्जी प्रकल्प, कारंजा तालुक्यातले अडाण धरण, अशा पाणथळ जागी चक्रवाक आणि थापट्या बदके दिसतात. शाळेच्या हरित सेनेला पक्षी ओळखण्याचा श्रीगणेशा करायला याहून सोपी जागा नाही: पक्षी उघड्यावर, मोठे आणि संथ.

उन्हाळ्यात कामाचे रूप पालटते. गवत वाळते आणि विडीच्या एका थोटकाने शेकडो एकर माळ पेटतो. म्हणून वनविभाग आधीच जाळरेषा काढून ठेवतो, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातले गवत काढून वा जाळून आगीची वाट तोडतो. वणवा लागलाच तर हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवायला जवळच्या गावातली तरुण पोरे सर्वांत आधी पोचतात. पाणवठ्यांत टँकरने पाणी सोडावे लागते आणि गाळ काढावा लागतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी नोंदवण्याचा ‘निसर्गानुभव’ वनविभाग भरवतो. काटेपूर्णा अभयारण्य अकोला आणि वाशीम या दोन जिल्ह्यांत पसरले आहे, क्षेत्र ७३.६९ चौरस किलोमीटर. तिथल्या मचाणावर भेकर आणि चौशिंगा दिसण्याची आशा असते. चौशिंगा हे चार शिंगांचे छोटे हरीण जगात फक्त भारत आणि नेपाळमध्ये आढळते. रात्रभर न बोलता, मोबाईल बंद ठेवून बसणे ही शहरी माणसाला आधी शिक्षा वाटते. पहाट होईपर्यंत त्याचे कान उघडलेले असतात.

पावसाळ्यात तरोटा आणि रानतुळस बी धरण्याआधी उपटायची असते. हा झाडोरा माळावर पसरला की चांगले गवत दबून जाते. काम कंटाळवाणे आहे, छायाचित्रात काही दिसत नाही, आणि दरवर्षी पुन्हा करावे लागते. तरी गवताळ माळासाठी स्वयंसेवकाने करण्याजोगे याहून उपयोगी काम क्वचितच सापडेल.

या सगळ्याला एक अवघड बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. काळविटांचे आणि रोह्यांचे कळप अभयारण्याची हद्द ओळखत नाहीत. पेरलेले सोयाबीन उगवून येताच ते शेतात शिरतात आणि शेतकऱ्याच्या हातातोंडाशी आलेला घास जातो. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा, अर्ज आणि मुदत या वाटेने. ज्या स्वयंसेवकाला माळ वाचवायचा आहे त्याने शेतकऱ्याला हा अर्ज भरून द्यावा, पंचनाम्याला त्याच्याबरोबर उभे राहावे. हरणाविषयी भाषण देण्याआधी हे केले तरच गाव ऐकते. बिनकठड्याच्या विहिरींचेही तसेच. रात्री पळताना रोही किंवा हरीण विहिरीत पडते. दोर, जाळे आणि शांत डोके असलेली चार माणसे वेळेत आली तर ते वाचते. बघ्यांची गर्दी झाली तर घाबरूनच मरते. पहिले काम गर्दी मागे सारण्याचे, दुसरे वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करण्याचे. समृद्धी महामार्ग कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव या पट्ट्यातून गेल्यापासून रस्त्याच्या कडेच्या प्राण्यांच्या नोंदी ठेवणेही गरजेचे झाले आहे. कोणता प्राणी, कोणत्या किलोमीटरच्या दगडाजवळ, किती वाजता, एवढे लिहिले तरी पुढे भुयारी वाट कुठे हवी हे सांगता येते.

सुरुवात करणाऱ्याला वेगळी पदवी लागत नाही. अभयारण्यात काही करायचे तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयाची परवानगी घ्यावी. ई-क्लास जमिनीसाठी ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने तिच्यावर लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची जबाबदारी आहे. या नोंदवहीत गावातल्या म्हाताऱ्यांकडून गवतांची आणि पक्ष्यांची स्थानिक नावे लिहून घेणे हे हायस्कूलच्या मुलांना सहज जमणारे आणि तातडीचे काम आहे. सोबत मातकट रंगाचे कपडे, पाण्याची बाटली, पेन्सिल आणि साधी वही हवी. शाई पावसात पसरते, पेन्सिल पसरत नाही. तारीख, वेळ, ठिकाण, प्राणी, संख्या, आणि तो काय करत होता, असे सहा रकाने आखावेत. काही दिसले नाही तर तेही लिहावे, कारण गेल्या वर्षी होता आणि यंदा नाही हे त्या कोऱ्या रकान्यावरूनच कळते.