पुणे ते दिल्ली: तिकिटावर सव्वादोन तास, खरे लागतात सव्वासहा!

दिल्लीच्या पार्टीने सकाळी ११ ची मीटिंग दिली, की बरेच जण सकाळी ७ चं विमान बुक करतात. जरा हिशोब बघा.

लोहगाव ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१६० किमी. ताशी ८०० चा वेग धरला तर दीड तास पुरायला हवा ना? पण तिकिटावर साधारण सव्वादोन तास दिसतात. कारण विमान इथल्या जागेवरून हललं, की तिकडे जागेवर लागेपर्यंतची ती वेळ असते. रनवेपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं.

आता मोशीपासून मोजा:

- लोहगावपर्यंत: १ तास
- चेक-इन, सिक्युरिटी: दीड तास
- विमान: सव्वादोन तास
- बॅग मिळेपर्यंत: अर्धा तास
- प्रगती मैदानापर्यंत टॅक्सी: १ तास

म्हणजे पहाटे साडेचारला निघून पावणेअकराला पोहोचलात. हातात फक्त १५ मिनिटं. विमान अर्धा तास लेट झालं, की पहिल्याच ऑर्डरला तुम्ही उशिरा!

म्हणून मीटिंग दुपारी १ ची मागा. सँपल छोटं असेल तर हातातल्या बॅगेत घ्या, अर्धा तास वाचतो. धारदार टूल मात्र चेक-इनलाच द्यावं लागतं. आणि खर्च काढताना दोन तास नाही, पूर्ण दिवस धरा.