ओट्याखालची ओल

पाऊस लागला की चुडाव्याकडच्या काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. ते वरच साचते. म्हणून आपण दारापुढे विटांच्या दोन भिंती घालतो, वर शहाबादी फरशी टाकतो आणि ओटा करतो. ओट्यावर रांजण, घागरी, भांडी. खालच्या पोकळीत सरपण, गवऱ्या, फुटके डबे, जुने टायर. वरची फरशी आपण रोज धुतो. खाली मात्र कोणी वाकून बघत नाही.

भांडी घासलेले, हात धुतलेले पाणी फटीतून तिथेच उतरते. डबक्यातल्या घाण पाण्यात हत्तीरोग पसरवणारे डास वाढतात. डब्यात, टायरात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास होतात. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. उंदीर सरपणात बीळ करतात. त्यांच्या मुतामुळे पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. उंदीर, बेडकांच्या मागे साप येतो.

यात मण्यार सर्वात फसवा. तो रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. लेकरू पहाटे पोट दुखते म्हणते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. अशा वेळी मंत्र, झाडपाला, चिरा देणे यात एक मिनिटही घालवू नका. १०८ ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरचे इंजेक्शन तिथे मोफत मिळते.

आता ओट्याखालची जागा कोरडी कशी ठेवायची ते पाहू.

• आधी सगळे सामान काठीने हलवून बाहेर काढा. अंधारात हात घालू नका.
• खाली चार-सहा इंच मुरूम टाकून धुमसाने ठोका. आतली जमीन अंगणापेक्षा उंच हवी. घराच्या भिंतीकडून बाहेर, दर चार फुटांना एक इंच उतार द्या.
• फरशीच्या फटी सिमेंटने बुजवा. फरशीलाही बाहेरच्या बाजूला थोडा उतार ठेवा.
• पत्र्याच्या पागोळ्या ओट्यापाशी पडत असतील तर पाइप उभा चिरून पन्हाळ लावा.
• पुढची बाजू पोत्याने, पत्र्याने झाकू नका. वारा खेळला तरच ओल सुकते.
• सरपण विटांवर फळी टाकून, जमिनीपासून हातभर वर आणि भिंतीपासून सुटे ठेवा.
• आठवड्यातून एक दिवस रांजण घासून कोरडा करा, डबे पालथे घाला.

फिनेल किंवा चुना टाकून ओल जात नाही. ओल कुठून येते हे पाहायचे असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा रात्रभर जमिनीवर अंथरून कडांवर दगड ठेवा. सकाळी त्याच्या खालच्या बाजूला थेंब दिसले, तर पाणी जमिनीतून वर येते आहे. तिथे मुरूम आणखी वाढवा.

बाहेर काढलेल्या पाण्याचे काय? शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले. चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. नाल्यांतले सांडपाणी थांबले आणि डास हटले. काळ्या मातीत मात्र मुरूम लागेपर्यंत खोल जा. विहीर-बोअरपासून खड्डा किमान पन्नास फूट दूर ठेवा.

पण सगळे पाणी आपले नसते. आपल्या वस्त्या गावाच्या खालच्या अंगाला बसवल्या गेल्या, आणि गावची नाली अजूनही अनेक ठिकाणी आपल्याच दारात येऊन संपते. ती ओल मुरमाने हटणार नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना आहे, तिच्यातून नाल्या होतात. शोषखड्डा रोजगार हमीतून होतो. दहा घरांनी सह्या करून लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि ग्रामसभेत विषय मांडा. बायांनी पुढे बसावे, कारण त्या पाण्यातून रोज त्यांनाच जावे लागते.

घरात कोणाला ताप आला तर रक्त तपासून घ्या. डेंग्यूची शंका असेल तर पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याची दुसरी गोळी मनाने देऊ नका.

आज संध्याकाळी बॅटरी घेऊन ओट्याखाली एकदा वाकून बघा.