कंट्रोलर आडवा येतो तेव्हा...

खेळात हार-जीत चालायचीच. परंतु प्रतिस्पर्धी सरस ठरला म्हणून नव्हे, तर हातातील कंट्रोलर वापरताच येत नाही म्हणून हरावे लागले, तर त्याला खेळ कसे म्हणायचे? व्हिडिओ गेमची आवड असलेल्या अनेक अपंग व्यक्तींपुढे हा प्रश्न वर्षानुवर्षे उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे साधारणतः दर सहा जणांमागे एक जण, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगत आहे. त्यामुळे हा प्रश्न मूठभरांचा नक्कीच नाही.

अडचण कोठे येते?

प्रचलित कंट्रोलर दोन्ही हातांनी धरावा लागतो. अंगठ्यांनी दोन स्टिक फिरवायच्या आणि त्याच वेळी तर्जनीने मागील बटणे दाबायची, अशी ही कसरत असते. एक हात निकामी असलेल्या किंवा बोटांना संधिवात जडलेल्या व्यक्तीला ती जमत नाही. काही गेममध्ये शत्रूच्या तावडीतून सुटण्यासाठी एकच बटण भराभर दाबावे लागते. यात धडधाकट खेळाडूचाही अंगठा दुखून येतो.

बटणांच्या मांडणीचा घोळ निराळाच. जपानमध्ये 'प्लेस्टेशन'वर होकारासाठी वर्तुळाचे, तर नकारासाठी फुलीचे बटण असे. पाश्चात्त्य देशांत नेमके उलट होते. २०२० मध्ये 'प्लेस्टेशन ५' आला आणि जपानी खेळाडूंना पाव शतकाची सवय मोडावी लागली. बटणांची कामे स्वतःच्या सोयीनुसार बदलण्याची मुभा हा यावरील साधा उपाय. मात्र, संपूर्ण यंत्रासाठी ही सुविधा 'प्लेस्टेशन ४'वर २०१५ मध्ये, तर 'निन्टेन्डो स्विच'वर २०२० मध्ये मिळाली.

कर्णबधिरांची व्यथा वेगळी आहे. २००४ मधील 'डूम ३' या गेममध्ये संवादांच्या उपशीर्षकांची सोय नव्हती. अखेर खेळाडूंनीच ती तयार केली. त्याच वर्षी आलेल्या 'हाफ-लाइफ २'मध्ये मात्र संवादांबरोबरच आवाजांचेही वर्णन पडद्यावर वाचता येत होते. तंत्रज्ञान तेच होते, फरक विचारात होता.

बदलाची दिशा

हनुवटीने स्टिक हलवायची आणि नळीतून श्वास ओढून वा फुंकून बटणांचे काम साधायचे, असा कंट्रोलर 'निन्टेन्डो'ने १९८९ मध्येच काढला होता. पण तो अपवादच ठरला. २०१८ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट'ने 'एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर' आणला. त्यावर दोन मोठी बटणे असून मागील बाजूस १९ जोडण्या आहेत. पायाने, कोपराने किंवा डोक्याने दाबायची बटणे त्यांना जोडता येतात. 'सोनी'चा 'अ‍ॅक्सेस' कंट्रोलर २०२३ मध्ये आला.

गेमही बदलले. 'सेलेस्ट' या २०१८ च्या गेममध्ये खेळाचा वेग कमी करता येतो. २०२० मधील 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'मध्ये साठहून अधिक सुविधा देण्यात आल्या. ध्वनिसंकेत आणि मजकूर वाचून दाखवणारा आवाज यांच्या साह्याने अंध खेळाडूंनीही हा गेम पूर्ण केला.

आव्हान की अडथळा?

सवलती दिल्या की खेळातील आव्हानच संपते, असा आक्षेप घेतला जातो. काठिण्यपातळी निवडण्याची सोय नसलेल्या 'सेकिरो' या गेमवरून २०१९ मध्ये असा वाद रंगला होता. तथापि, येथे दोन गोष्टींची गल्लत होते. शत्रूची चाल ओळखणे हे आव्हान. पडद्यावरील बारीक अक्षरे न दिसणे हा अडथळा. पहिले राखून दुसरे दूर करता येते. शिवाय या सुविधा ऐच्छिक असतात. ज्याला नको, त्याने त्या बंद ठेवाव्यात.

खर्चाचा प्रश्न मात्र कायम आहे. 'अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर'ची किंमत बाजारात येताना सुमारे १०० डॉलर होती. त्याला जोडायच्या बटणांचा 'लॉजिटेक'चा संच २०१९ मध्ये आला, तोही तितक्याच किमतीला. म्हणजे इतरांच्या बरोबरीने खेळायला बसण्यासाठीच अपंग खेळाडूला जादा पैसे मोजावे लागतात.

कायद्याचा आधारही मर्यादित आहे. अमेरिकेतील २०१० च्या कायद्यातून गेमना मिळालेली सूट २०१८ अखेर संपली. परंतु त्याचा रोख गेममधील परस्पर संभाषणाच्या सुविधांवर आहे, कंट्रोलरवर नाही. गेममध्ये कोणत्या सुविधा आहेत, हे खरेदीपूर्वीच कळावे यासाठी २०२५ मध्ये तेथील उद्योग संघटनेने २४ खुणांची योजना जाहीर केली. तीत सहभाग ऐच्छिक आहे. त्यामुळे गेम विकत घेतल्यानंतर तो आपल्याला खेळताच येत नाही, हे कळण्याची वेळ अनेकांवर यापुढेही येणार आहे.